मोठ्याने बोला, बिबट्या आहे

माझा पुतण्या हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला आहे. कंपनी नेमकं काय करते हे त्याने आम्हाला अनेकदा समजावून सांगितलं आणि आम्हीही दर वेळी "अस्सं!" म्हणालो. मार्चमध्ये तो पिंपरी पेंढारला आला तो तोंड पाडूनच. वर्षभराच्या कामाचा निकाल लागला होता. काम उत्तम, वेळ पाळणं उत्तम, संगणकाचं ज्ञान अतिउत्तम. खाली मात्र शेरा होता: स्मॉल टॉकमध्ये कमकुवत, सुधारणेला वाव.

वहिनींनी धसकाच घेतला.

"कमकुवत म्हणजे? रक्त तपासलं का?"

"आई, आजार नाही गं. इकडचं तिकडचं, बिनकामाचं बोलता येत नाही, असं म्हणतात ते."

"कोणाला?"

"मला."

वहिनींनी तवा खाली उतरवला आणि माझ्याकडे बघितलं. "भावजी, आपल्या घराण्यात?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता.

आमचं घराणं बोलण्यात कधीच कमी पडलेलं नाही. माझे वडील पाहुण्यांना एसटीत बसवून द्यायला रस्त्यावर जायचे. कल्याण-नगर रस्ता गावावरूनच जातो, गाड्यांना तोटा नाही. पण वडिलांनी विषय काढला की ओतूरकडून आलेली गाडी आळेफाट्याला निघून जायची, आळेफाट्याची ओतूरला जायची, आणि दिवेलागणीला वडील पाहुण्यासकट घरी परत यायचे. आई काही न बोलता परातीत पीठ वाढवायची. माझं म्हणाल तर बायको मला रात्रीच्या भाजीची कोथिंबीर आणायला सकाळी पाठवते. एकदा तिने दुपारी पाठवून बघितलं, तर त्या दिवशीची भाजी कोथिंबिरीशिवाय झाली आणि कोथिंबीर दुसऱ्या दिवशीच्या आमटीत पडली. अशा घरात जन्मलेल्या मुलाला गप्पा येत नाहीत म्हणून कंपनी शेरा मारते, आणि तोही लेखी.

शेऱ्यावर उपाय म्हणून कंपनीने त्याला प्रशिक्षणाला बसवलं होतं. एका मॅडमनी दिवसभर शिकवलं आणि मोबाईलवर एक तक्ता पाठवला. कोणत्याही मीटिंगच्या आधीची पाच मिनिटं स्मॉल टॉकची. बोलायचे विषय: हवामान, रहदारी, शनिवार-रविवार कसा गेला, खाणंपिणं, पाळीव प्राणी. टाळायचे विषय: पगार, वय, लग्न, मूलबाळ, जात, धर्म, राजकारण, आजारपण, घराची किंमत. मी तो तक्ता चष्मा पुसून परत वाचला. टाळायच्या विषयांवर तर आमचं अख्खं गाव चालतं! ते काढून घेतले तर पारावर माणसं नुसती बसलेली दिसतील आणि येणारा-जाणारा विचारील, "कोण गेलं?"

"मग लग्नाचं विचारायचंच नाही?"

"अजिबात नाही काका. ते खासगी असतं."

त्यावर त्यानेच मला लॉर्ड चेस्टरफील्डची गोष्ट सांगितली. हा अठराव्या शतकातला इंग्रज उमराव. मुलाने दरबारात चारचौघांत कसं वागावं, काय बोलावं, हे शिकवायला त्याने मुलाला वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. स्मॉल टॉक ही कला त्यातही आहे म्हणे. मुलगा तरी बुजराच राहिला. आणि मुलाने गुपचूप लग्न केलंय हे बापाला कळलं ते मुलगा वारल्यावर! सुनेने पुढे ती सगळी पत्रं १७७४ मध्ये छापून टाकली आणि त्यावर पैसे केले. आता सांगा, लग्नाचा विषय वर्ज्य धरला की दुसरं काय होणार? चेस्टरफील्डसाहेब आमच्याकडे असते तर पोराची सोयरीक कुठे जमतेय हे त्यांना न्हाव्याच्या खुर्चीवर, अर्धी दाढी व्हायच्या आत कळलं असतं.

बरं, हवेबिवेवर बोलायला आम्हालाही येतं. पण आमच्या बोलण्याचा मूळ पाया निराळा आहे. समोर जे दिसतंय तेच विचारायचं. माणूस तोंडाला फेस लावून, अंगावर तांब्या ओततोय. आपण वाटेने जाता जाता विचारायचं, "काय, आंघोळ?" त्याने फेसातून सांगायचं, "हां, आंघोळ." एसटीतून उतरलेल्या, हातात बॅग धरलेल्या माणसाला, "आलास व्हय?" दुकानाच्या पायरीवर बसलेल्याला, "बसलाय का?" आणि सर्वांत थोर प्रश्न म्हणजे, "कुठं निघाला?" याचं उत्तर "इथंच" असं असतं. पुतण्या लहानपणी या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचा. "आळेफाट्याला, स्टेशनरीच्या दुकानात, कंपासपेटी आणायला," असं सविस्तर. लोकांना त्याची काळजी वाटायची. तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

"काका, याला शास्त्रात नाव आहे," पुतण्या म्हणाला. त्याने मोबाईलवर शोधून ठेवलं होतं. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये लिहून ठेवलंय की माणसं पुष्कळदा माहिती देण्याघेण्यासाठी बोलतच नाहीत, एकमेकांशी नातं बांधलेलं राहावं म्हणून बोलतात. हे उमगायला त्याला पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर जाऊन तंबू ठोकून राहावं लागलं. माणूस नक्कीच मोठा असणार. पण आळेफाट्याला उतरला असता तर एका चहात झालं असतं.

असो. पोराचा सराव घ्यायचा ठरलं आणि गुरुपद आपोआप माझ्याकडे आलं.

पहिला धडा सलूनमध्ये. तिथे दाढीच्या खुर्च्या दोन आणि बसायची बाकं तीन, यावरून धंद्याचं स्वरूप ध्यानात यावं. बाकावर नेहमीची मंडळी होती. मी पुतण्याला कोपराने ढोसलं. त्याने घसा खाकरला, तक्त्यातला पहिला विषय आठवला आणि हसतमुखाने म्हणाला, "आज हवा छान आहे, नाही?"

सलूनमध्ये शांतता पसरली. कात्री थांबली.

बाहेर आभाळ आलं होतं. गार वारा सुटला होता. हिंजवडीच्या खिडकीतून बघितलं तर खरंच छान. पण गावातला निम्म्याहून जास्त उन्हाळ कांदा तेव्हा काढून शेतात उघड्यावर पडला होता. बराखीत जायचा होता. त्याच्यावर एक सर पडली तरी तो सडणार होता. कोपऱ्यातले एक आजोबा उठले, दाराशी गेले, वर बघितलं, परत आले आणि पुतण्याच्या समोर उभे राहून म्हणाले, "छान? कुणाला छान?"

तिथून पुढे हवामानाची पाच मिनिटं सुरू झाली ती जेवायच्या वेळेपर्यंत. कांद्याचा करपा झाला, द्राक्षाचा डावणी झाला, अवकाळीचे पंचनामे झाले, कोणत्या पंचनाम्यात कोणाच्या नावावर कोणाची जमीन लागली ते झालं. मग गाडी टोमॅटोवर आली. २०२३ च्या जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला २,००० रुपयांच्या वर भाव गेला होता. त्या वर्षी ज्यांच्याकडे माल होता ते तेव्हाही गप्प होते आणि आजही गप्प आहेत. ज्यांनी भाव नाही म्हणून महिनाभर आधी झाडं उपटली ते मात्र अजून बोलताहेत. त्यांतले दोघं बाकावर होते.

"काका, हवामान हा हलका विषय आहे असं मॅडम म्हणाल्या होत्या," बाहेर पडल्यावर पुतण्या म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मॅडमचं चुकलं नाही. इंग्रजाचा पाऊस त्याच्या छत्रीवर पडतो. आमचा सातबाऱ्यावर पडतो.

दुसरा विषय, शनिवार-रविवार कसा गेला. हा त्याने किराणा दुकानात वापरून बघितला. दुकानदार म्हणाला, "रविवारी ओतूरला कांद्याचा बाजार असतो. गुरुवारीपण असतो. शनिवारी गोण्या भरायच्या असतात. तुला नेमका कुठल्या दिवसाचा भाव पाहिजे?" तिसरा विषय, रहदारी. हा मीच नको म्हणालो होतो, पण त्याने धीर करून हॉटेलात काढला. माळशेज घाटातल्या एका वळणाचं वर्णन करता करता टेबलावरच्या दोघा ट्रकवाल्यांत घाट चढताना चूक वरच्याची की खालच्याची यावरून अशी जुंपली की मालकाने दोघांचा चहा माफ केला आणि आम्हाला मात्र पैसे लावले. पाळीव प्राण्यांचा विषय आम्ही काढलाच नाही. गावात ज्याची त्याची गाय किती दूध देते हे विचारणं म्हणजे सरळ पगार विचारणं, आणि पगार तक्त्यात वर्ज्य होता.

उलट गावकऱ्यांनी त्याला जे विचारलं ते सगळं दुसऱ्या यादीतलं. वय किती झालं? अजून कसं नाही जमलं? मुलीच्या काय अपेक्षा आहेत? आपली काय अपेक्षा आहे? फ्लॅट घेतला का? केवढ्याला? पोट का सुटलंय? आणि दर वेळी शेवटी, "पगार किती बसतो?" त्यावर पुतण्या लाल होऊन पुटपुटायचा, "ते गोपनीय असतं." गोपनीय म्हटल्यावर समोरच्याची नजर बदलायची. गावात पगार लपवणारे दोनच प्रकारचे असतात, एक ज्याला फार आहे तो आणि दुसरा ज्याची नोकरी गेली आहे तो. संध्याकाळपर्यंत दुसरी बातमी वाडीपर्यंत पोचलेली होती. वहिनींना एका शेजारणीने पाठीवर हात फिरवून सांगितलं, "होईल गं सगळं नीट. माझ्या भाच्याचंही असंच झालं होतं."

मी हरलो होतो. पोर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत जाणार होतं. पण त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची होती, उसाला पाणी द्यायचं होतं, आणि गडी यायचा नव्हता.

इथे बिबट्याबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात ऊस वाढला तसा बिबट्या उसातच राहायला आला. तिथेच जन्मतो, तिथेच वाढतो, जंगल कशाला म्हणतात हे त्याला ऐकूनही माहीत नाही. हा चेष्टेचा विषय नाही. मे २०२४ मध्ये आमच्याच गावच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात एका बाईचा जीव गेला. तिकडे शिरूर तालुक्यात २०२५ च्या अखेरीस लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना सगळ्या देशाने फोटोत बघितले. पकडलेले काही बिबटे माणिकडोहच्या केंद्रात आहेत, बाकीचे आमच्यात. आणि रात्री वीज येते म्हणून रात्री शेतात जावं लागतं, हा हिशेब बिबट्याने केलेला नाही.

तर वन खात्याची सूचना आहे: रात्री शेतात एकटं जाऊ नका, हातात बॅटरी आणि काठी ठेवा, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा, आणि मोठमोठ्याने बोलत चला. माणसाची चाहूल लागली की बिबट्या सहसा वाट सोडतो. अख्ख्या महाराष्ट्रात लोकांना गप्पा बंद करा म्हणून सांगतात. शाळेत सांगतात, कचेरीत सांगतात, कीर्तनात सांगतात. आमचा जुन्नर तालुका असा की जिथे बडबडीची शिफारस सरकारी खातं करतं. माझ्या बायकोला ही सूचना मी दाखवली होती. तिने ती नीट वाचली आणि विचारलं, "यात कोथिंबिरीचं कुठं आहे?"

रात्री एकच्या सुमाराला आम्ही निघालो. मी पुढे बॅटरी घेऊन, मागे पुतण्या काठी घेऊन. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस. मोबाईलला तिथे रेंज येत नाही आणि साठवलेली गाणी माझ्याकडे नव्हती, त्यामुळे तोंडाचाच भरवसा होता. बांधावर पाय ठेवला आणि मी म्हणालो, "चल, बोल मोठ्याने."

"तुम्ही बोला काका. तुम्हाला येतं."

आणि मला एक शब्द सुचेना.

खोटं वाटेल, पण देवाशपथ. साठीच्या घरात आलेला मी, पारावरचा मानकरी, ज्याने दहाव्याच्या मांडवात कावळ्याची वाट बघणाऱ्या लोकांना तासभर खिळवून ठेवलंय, तो मी, तोंड उघडून उभा. गप्पा मारायची मोकळीक असली की हजार विषय. गप्पा मारल्याच पाहिजेत, नाहीतर बिबट्या, असं म्हटलं की डोक्यात नुसता ऊस. बरं, हळू आवाजात काही पुटपुटता आलं असतं, पण ओरडून बोलण्यासारखं माझ्या आयुष्यात काहीच घडलेलं नाही हे मला त्या बांधावर कळलं. शेवटी मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "कुठं निघाला?"

मागून पुतण्या ओरडला, "इथंच!"

पुन्हा शांतता. उसात काहीतरी सळसळलं. वारा असेल. आम्ही दोघांनीही तो वाराच आहे असं ठरवलं. आणि मग पुतण्याने तो मोबाईल काढला, मॅडमचा तक्ता उघडला, आणि सुरुवात केली. रात्री एक वाजता, पिंपरी पेंढारच्या उसात, गळ्याच्या शिरा ताणून, खणखणीत इंग्रजीत: हाऊ वॉज युवर वीकेंड! मला इंग्रजी फारसं येत नाही, पण भीतीने सगळं येतं. मी ओरडलो, "व्हेरी गुड!" तो ओरडला, हाऊ इज द वेदर! मी ओरडलो, "ढगाळ!"

तेवढ्यात पलीकडच्या शेतातून आवाज आला, "कोण हाये रं तिकडं? फॉरिस्टवाले का?"

तोही मोटारीवर आला होता. त्याच्या पलीकडच्या शेतात आणखी एक, आणि ओढ्यापलीकडे तिसरा. सगळे आपापल्या बांधावर एकटे, मुकाट, जीव मुठीत धरून. बोलायला कोणीतरी हवंच होतं. पुढचे दोन तास चार शेतांतून जे काही चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. आमची मोटार सुरू झाली, पाणी सरीत पडलं, मी दारं धरत होतो आणि मैफल रंगत होती. ज्या गोष्टी माणसं दिवसा हाताचा आडोसा करून, इकडेतिकडे बघून, कानात सांगतात, त्या त्या रात्री सुरक्षेच्या कारणास्तव ओरडून सांगितल्या गेल्या. कोणी सोसायटीचं कर्ज कोणाच्या सहीवर काढलं. कोणाच्या सुनेने कोणाला काय सुनावलं. वाटपात बांध किती वीत सरकला, आणि कोणी सरकवला. मधेच कोणी गप्प झाला की बाकीचे काळजीने ओरडायचे, "आरं, हायेस ना?" आणि तो घाबरून होता नव्हता तो सगळा मजकूर बाहेर काढायचा. पोलिसांनाही इतक्या स्वस्तात जबान्या मिळत नसतील.

आमच्याच तालुक्यात खोडदला ती जगातली मोठी रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञांनी उभ्या केलेल्या. अब्जावधी वर्षांपूर्वी आकाशगंगांतून निघालेला क्षीण आवाज त्या रात्रंदिवस टिपत असतात. शेजारी आर्वीला १९७० च्या दशकात उपग्रह केंद्र झालं, देशाचं परदेशाशी बोलणं तिथून चालायचं. म्हणजे तालुक्यात बोलायची सोय आर्वीला आणि ऐकायची खोडदला, दोन्ही सरकारने करून ठेवलेल्या. एकमेकांचं न तोडता ऐकून घेणारे तालुक्यात तेवढेच, त्या तीस तबकड्या.

तीनच्या सुमाराला ओढ्यापलीकडून प्रश्न आला. कधीतरी येणारच होता.

"पोराला पगार किती हाये?"

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. बॅटरीच्या उजेडात त्याच्या चेहऱ्यावर कंपनीची नियमावली स्पष्ट दिसत होती. "काका, ते गोपनीय..."

तेवढ्यात उसात पुन्हा सळसळलं. या वेळी वारा नव्हता, कारण पानं एकाच जागी हलत होती.

"बारा लाख!" पुतण्या किंचाळला. "वर्षाला! बारा लाखांचं पॅकेज आहे!"

"काय? नीट ऐकू आलं न्हाय!"

"बारा! लाख! ट्वेल्व्ह!"

आकडा कॅनॉलवर आपटून परत आला. उसातून एक मुंगूस निघालं, आमच्याकडे तुच्छतेने बघून पलीकडे गेलं. बिबट्या त्या रात्री आमच्या शिवारात फिरकला नाही. मला विचाराल तर तो जिथे असेल तिथे कान देऊन बसला असेल.

सकाळी पुतण्याचा आवाज पार बसला होता, त्यामुळे त्याने सुट्टी एक दिवस वाढवली. नोकरी गेल्याची बातमी आपसूक विरली. ती पाठीवरून हात फिरवणारी शेजारीण दुधाचं निमित्त काढून आली आणि भाच्याच्या मेव्हणीबद्दल बोलून गेली. दुपारी ओढ्यापलीकडच्या वाडीवरून एक गृहस्थ मोटारसायकलवर आले. टोपी धुतलेली, म्हणजे कामासाठीच आले होते. पण आमच्याकडे कामाचा विषय काढून कोणी बसत नाही. गृहस्थ बसले. चहा झाला. पावसाचं झालं. पिंपळगाव जोगेच्या कालव्याला आवर्तन कधी सुटणार ते झालं. विघ्नहर कारखान्याची ऊसतोड आमच्याकडे कधी येणार ते झालं. आळेफाट्याच्या चौकातल्या गर्दीचं झालं. मुंबईच्या मार्केटात कांद्याची काय परिस्थिती आहे ते झालं. म्हातारीच्या गुडघ्यापासून कुत्र्याच्या पिलांपर्यंत सगळं झालं. पुतण्या शेजारी बसून थक्क होऊन ऐकत होता. मधेच त्याने मोबाईल काढून तक्ता तपासला. हवामान, रहदारी, खाणंपिणं, पाळीव प्राणी. गृहस्थांनी यादीतला एकही विषय सोडला नव्हता, आणि कुठल्या प्रशिक्षणालाही ते गेले नव्हते.

"काका, हे नक्की कशासाठी आलेत?" त्याने खुणेने विचारलं. आवाज नव्हताच.

"थांब. अजून उठले नाहीत."

आमच्याकडे खरी गोष्ट बसलेला माणूस बोलत नाही, निघालेला बोलतो. गृहस्थ उठले. "येतो" म्हणाले. ओट्यावर आले, तिथे थोडं बोलले. पायरीवर आले, तिथे आणखी थोडं. मोटारसायकलवर बसले, चावी लावली, किकवर पाय ठेवला आणि आता, इतक्या वेळाने, सहज आठवल्यासारखं करत पुतण्याकडे वळले.

"तुझं रात्री ऐकलं आम्ही. घरात सगळ्यांनीच ऐकलं. पोरगी अभ्यासाला जागी होती, तिनंही ऐकलं. पण ते पॅकेज झालं. कापून हातात किती पडतात?"

मी श्वास रोखला. वहिनी दारात आल्या. पुतण्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वर आभाळाकडे. मग बसलेल्या घशातून, तोंडभर हसत, त्याने सावकाश शब्द काढले.

"आज ढग भरून आलेत, नाही?"

गृहस्थांनी झटकन मान वर केली. "आयला! कांदा उघडा हाये माझा!" आणि किक मारून ते धुरळा उडवत ओढ्याकडे निघून गेले.